पोस्टातला माणूस आणि मंगळवारचा वर्ग

(मराठी मंडळाच्या हिवाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी माझी ओळख ‘नृत्यतज्ज्ञ’ अशी करून दिली. बसल्या जागी मला घाम फुटला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेते आणि संध्याकाळी नाचाच्या वर्गात तेच काम फुकट करते. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्विंग नाचाचे स्थानिक शिक्षक : निवड, मानधन, जबाबदारी’. माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत आणि साडेसहाला मुलांचं लेझीम आहे. वेळ झाली की मला ओढून खाली बसवायचं काम वहिनींकडे दिलंय. त्या पहिल्या रांगेत घड्याळ काढून बसल्याच आहेत.

स्विंग म्हणजे जॅझच्या ठेक्यावरचा जोडीचा नाच, लिंडी हॉप हा त्यातलाच एक; याहून जास्त पुन्हा सांगत नाही. मागच्या वर्षी पिकनिकला मी लिंडी हॉप करून दाखवला होता आणि काकांनी विचारलं होतं, ‘हे फुगडीचंच झालं की!’ तेव्हा मी हसले होते. आज त्यांची माफी मागायची आहे. का, ते पुढे येईल.

आधी थोडं हार्लेम. न्यूयॉर्कच्या लेनॉक्स ॲव्हेन्यूवर, 140 आणि 141 नंबरच्या रस्त्यांच्या मधे, 12 मार्च 1926 ला सॅव्हॉय बॉलरूम उघडला. एका गल्लीपासून दुसऱ्या गल्लीपर्यंत पसरलेला हॉल. बँडसाठी दोन मंच, एक थांबला की दुसरा सुरू, म्हणजे संगीत तुटायचंच नाही. ज्या काळात अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एका फरशीवर नाचणं जवळपास कुठेच चालत नव्हतं, त्या काळात इथे चालायचं. 1927 मध्ये लिंडबर्गने विमानाने अटलांटिक ओलांडला आणि त्याच्या नावावरून इथल्या नाचाला ‘लिंडी हॉप’ म्हणायला लागले, असं सांगतात. नाव मिळालं विमानवाल्याला, नाच होता हार्लेमच्या काळ्या पोरापोरींचा. ही बाब लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. शेवट आला तर.

आता या सॅव्हॉयमध्ये क्लास नव्हते. मंगळवारी आठ ते नऊ नवशिके, नऊ ते दहा मध्यम, असं काही नाही. कोपऱ्यात चांगले नाचणारे असायचे, बाकीचे कडेला उभे राहून बघायचे आणि घरी जाऊन आरशासमोर पाय मोडून घ्यायचे. लिंडी हॉपमधलं पुढे सगळ्यात गाजलेलं नाव, फ्रँकी मॅनिंग, असाच शिकला. त्याच्या आधीच्या पिढीतला शॉर्टी जॉर्ज स्नोडेन, त्याला बघून बघून. 1935 मध्ये याच फ्रँकीने स्पर्धेत जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवून समोर उभी केली. लिंडी हॉपमधली ती पहिली हवेतली उडी मानतात. पोरगा तेव्हा एकवीस वर्षांचा.

त्याच 1935 मध्ये, बरं का, लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा जॅझ बँड आपल्या मुंबईला ताजमध्ये वाजवायला आला होता. आणि आपले गोव्याचे वादक कान देऊन ऐकत होते. त्यातूनच पुढे ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट आले, संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम करायला लागले, आणि 1951 च्या ‘अलबेला’त ते संगीत भगवानदादांच्या पायाखाली आलं. भगवानदादांचं पाऊल बघा. त्यात अवघड काय आहे? काहीच नाही. म्हणून तर आजही वरातीत ज्याला नाचता येत नाही तो माणूस भगवानदादाच करतो. अख्ख्या महाराष्ट्राला एक पाऊल शिकवलं त्या माणसाने, आणि तेही एकही क्लास न घेता. वहिनी, मी विषयावरच आहे. नवशिक्याला कोण शिकवतं, हाच माझा विषय आहे.

तर फ्रँकी. दुसऱ्या महायुद्धानंतर स्विंगचे दिवस सरले. सॅव्हॉय 1958 मध्ये बंद पडला, पाडला, तिथे घरं झाली. फ्रँकी तोवर पोस्टात लागला होता. 1955 पासून तीसेक वर्षं पोस्टात नोकरी! ज्याने हार्लेम उलटंपालटं केलं तो माणूस टपाल लावत होता आणि शेजाऱ्यांनाही फारसा पत्ता नव्हता. 1986 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाची दोन तरुण नाचणारी माणसं त्याचा शोध घेत पोचली. फोनवर विचारलं, नाचणारे फ्रँकी मॅनिंग तुम्हीच का? तर उत्तर काय, मी पोस्टात काम करतो. शिकवायला तयार होईना. बरोबरच आहे. त्याने आयुष्यात कधी पावलं मोजली नव्हती, ‘एक दोन तीन-न-चार’ हे त्याला परकं. शिकायला आलेल्यांना मात्र आकडे हवेत. मग सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने शिकवायचं कसं हे शिकून घेतलं. 1989 मध्ये ब्रॉडवेच्या नृत्यदिग्दर्शनासाठी टोनी हे नाटकांचं मोठं पारितोषिक मिळवलं, स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या उत्तरेला हेरेंग नावाचं इवलंसं गाव आहे, तिथल्या नाचाच्या शिबिराला वर्षानुवर्षं जात राहिला, आणि 2009 मध्ये, पंच्याण्णवावा वाढदिवस महिन्यावर आला असताना गेला. वाढदिवसाला तो जितकी वर्षं तितक्या बायकांबरोबर नाचायचा. पंच्याऐंशीला पंच्याऐंशी. एकामागून एक, रांग लावून. त्या रांगेत नवशिक्याही असायच्या आणि त्यांनाही तो तेवढाच वाकून नमस्कार केल्यासारखा सामोरा जायचा.

आता माझं दुखणं. सांगू ना? तुम्ही हो म्हटलंत, जबाबदारी तुमची.

मी लिंडी हॉप पहिल्यांदा पाहिला तो सिॲटलच्या कॅपिटल हिलवर, सेंच्युरी बॉलरूममध्ये. पार्किंग शोधण्यात पाऊण तास गेला होता, त्यामुळे आता काहीही आवडून घ्यायचंच असं ठरवलं होतं. पुढे घडलं ते मात्र तिथलं नाही. दुसरीकडचं आहे, नाव सांगणार नाही, तुम्ही लगेच फोन काढून शोधाल.

मी शिकायला लागून चार महिने झाले होते. सोशलला, म्हणजे वर्ग संपल्यावर जो मोकळा नाच असतो त्याला, एका गृहस्थांनी मला विचारलं. मी खूश. गाणं सुरू झालं. स्विंग-आउट म्हणजे जोडीदाराला जवळून लांब सोडायचं, लिंडी हॉपमधलं मुख्य पाऊल. चौथ्या की पाचव्या स्विंग-आउटला ते थांबले. भर फरशीवर. आजूबाजूने जोड्या सुसाट चालल्यात, एका बाईंची टाच माझ्या पोटरीला लागली, आणि हे माझा उजवा हात हातात घेऊन मला ‘फ्रेम’, म्हणजे जोडीत हात-खांदे कसे धरायचे ते, समजावतायत. कोपर इथे. खांदा इथे. नाही नाही, इतका नाही. मी ‘हो’ म्हणतेय. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांबले. आता मनगट. मला आमच्या सांगलीच्या शाळेतले गणिताचे सर आठवले, तेही असंच फळ्याशी उभं करून ठेवायचे. गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जोड्या बदलल्या, दुसरं गाणं लागलं, तरी यांची फ्रेम संपेना. शेवटी मी पाणी प्यायला जाते म्हणाले, तर म्हणाले, थँक यू म्हणायची गरज नाही. मी म्हटलं नव्हतंच! (हशा)

हसू नका, पुढचं ऐका. दीड महिन्याने पोस्टर लागलं. नवशिक्यांसाठी चार आठवड्यांचा वर्ग, शिक्षक कोण? हेच. त्यांना स्वतःला नाचायला लागून दोन-अडीच वर्षं झाली होती. मी संयोजकांना विचारलं, असं का? तर म्हणाले, मुरलेले शिक्षक पुढचे वर्ग घेतात, नवशिक्यांना काय, कोणीही शिकवेल.

कोणीही शिकवेल! मला हे वाक्य झोपेतून उठवतं. आपल्याकडे पोहायला शिकवताना असं म्हणाल का, की खोल पाण्यात पोचलेल्यांना चांगला मास्तर देऊ, पहिल्यांदा उतरणाऱ्याला शेजारचा बंड्या बघेल?

मी हट्टाने त्या वर्गाला गेले. नाव नोंदवून, पैसे भरून. पहिल्या दिवशी तीस जण होते, मी मोजले, धंदाच आहे माझा. पहिली वीस मिनिटं फ्रेम. मग एक वाक्य इतिहासाचं. मग गुरुजींनी स्वतःची एक गिरकी करून दाखवली, जी कोणालाच करायची नव्हती. कोपऱ्यात एक आजोबा होते, बायकोबरोबर आलेले, त्यांना डावा-उजवा पाय गोंधळत होता. त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ते नव्हते. चौथ्या आठवड्याला आम्ही अकरा जण उरलो होतो, त्यात दोघं माझ्यासारखी राग काढायला आलेली.

आता उलट बाजू. आमच्या बाई. त्या व्यवसायाने नर्स, रात्रपाळी करून यायच्या, पायात नर्सचेच बूट. दर मंगळवारी सोशलच्या आधीचा तासाभराचा वर्ग त्या घ्यायच्या. हा असा वर्ग असतो की माणूस पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचाच येतो. कोणाला तिथे शिकवायचं नसतं. बाई मागून घ्यायच्या. पहिली दहा मिनिटं त्या कोणालाही कोणाचा हात धरू द्यायच्या नाहीत. गाणं लावायच्या आणि चालायला सांगायच्या. नुसतं चाला. गुडघे सैल. मग कधीतरी कळायचं की सगळा हॉल एका ठेक्यावर खाली-वर होतोय. त्यानंतर रॉक स्टेप, ट्रिपल स्टेप ही सुरुवातीची पावलं, आणि दर दोन मिनिटांनी जोडीदार बदल. फॉलो, म्हणजे जोडीत साथ देणारी, एक घर पुढे; लीड, म्हणजे नेणारा, जागेवर. त्या फेऱ्यात बाई स्वतः एक घर घ्यायच्या. म्हणजे तासाभरात वर्गातल्या प्रत्येक लीडबरोबर त्या नाचून घ्यायच्या, आणि बोलायच्या जवळजवळ नाहीत. हातानेच सांगायच्या.

मला स्विंग-आउट जमत नव्हता. मी जोडीदाराला लांब सोडायचे आणि ओढायचे ती मनगटाने, दोरी ओढल्यासारखी. एके दिवशी बाईंनी माझी बोटं बोटांत अडकवली आणि म्हणाल्या, मागे बस. खुर्चीत बसल्यासारखी मागे बस, मी धरलंय. मी बसले. त्याही बसल्या. आणि मला एकदम मंगळागौर दिसली! आजोळच्या माजघरातली शेणाने सारवलेली जमीन, पायाचे अंगठे अंगठ्याला लावलेले, हातांची कात्री, आणि मावशी ओरडतेय, ‘अगं हात ओढू नकोस, पाठ मागे टाक!’ फुगडीत ताण पाठीत असतो, हात नुसते कडी. तोच ताण इथे. मावशीने सहा वर्षांच्या मला जे एका वाक्यात शिकवलं होतं, त्यासाठी त्या गुरुजींनी वीस मिनिटं कोपर-खांदा केला होता. म्हणून म्हणते, काका, माफ करा. फुगडीचा आणि हार्लेमचा नात्यागोत्याचा संबंध काही नाही, पण शरीराला ते माहीत नसतं.

वहिनी बोट दाखवतायत. सात मिनिटं? सात! बरं. पत्रिकेवरचा विषय.

निवड. नवशिक्यांचा वर्ग गावातल्या सगळ्यात चांगल्या शिक्षकाने घ्यावा, पुढच्यांचा कोणी घेतला तरी चालेल. पुढच्यांना सोशलवर बघून शिकता येतं, सॅव्हॉयमध्ये सगळे तसेच शिकले. नवशिक्याला काय बघायचं हेच कळत नाही. आणि शिक्षक निवडताना त्याची गिरकी बघू नका. वर्ग संपल्यावर तो सोशलला थांबतो का आणि त्या गोंधळलेल्या आजोबांच्या बायकोला नाचायला विचारतो का, ते बघा. एवढी एकच परीक्षा ठेवा. दोन शिक्षक हवेत, एक लीड आणि एक फॉलो, आणि फॉलोला बोलू द्या. माझ्यासारख्या लीड करणाऱ्या बायका आणि फॉलो करणारे पुरुष दिसले तर तोंडं वाकडी करू नका, हे शिक्षकांनाच सांगावं लागतं.

मानधन. हॉलचं भाडं आणि बँड गेल्यावर दारावरच्या पैशांत उरतं ते किरकोळ. बाहेरगावच्या नावाजलेल्या जोडीला शनिवार-रविवारच्या कार्यशाळेसाठी विमानाचं तिकीट देतो, आणि वर्षभर मंगळवार सांभाळणाऱ्याला पाण्याची बाटली. आवडीने करतात म्हणून फुकट, हा युक्तिवाद मंडळातल्या आपल्याला ओळखीचा आहे. (हशा) त्याच पैशात आधी मंगळवार भागवा, उरलं तर विमान.

जबाबदारी. यातलं पहिलं, नाच कोणाचा ते सांगणं. आमच्या वर्गात निम्मे गोरे, निम्मे आपण आणि आपल्यासारखे, काळे विद्यार्थी हाताच्या बोटांवर. अशा वर्गात हार्लेमला एका वाक्यात गुंडाळणं हा आळस नाही, अन्याय आहे. फ्रँकी, नॉर्मा मिलर, अल मिन्स ही सॅव्हॉयमध्ये नाचणाऱ्यांची नावं पहिल्याच तासाला यायला हवीत. दुसरं, शिक्षकाच्या हातात अधिकार असतो, त्याचा गैरवापर झालेला आहे, म्हणूनच आता बऱ्याच ठिकाणी लेखी नियम असतात आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव भिंतीवर असतं. नसेल तिथे विचारा. तिसरं काहीतरी होतं, त्याचा कागद माझ्याकडे नाही.

त्या गृहस्थांचं काय झालं, असं कोणीतरी मागून विचारतंय. अजून शिकवतात. मागच्या महिन्यात सोशलला त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. ‘या वेळी मी लीड करते,’ असं मी त्यांना सांगितलं. चार स्विंग-आउट झाले, फ्रेमचा एक शब्द निघाला नाही. पाचव्याला त्यांचा हात मनगटातून ओढायला लागला. मी बोलले नाही, मागे बसले. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, हे काय केलंत? मी म्हटलं, पुढच्या गाण्याला सांगते.

झालं, वहिनी, उठते. लेझीमवाले अजून पार्किंगमध्येच आहेत ना? मग दोन मिनिटं. पुढच्या दोन रांगांतल्या खुर्च्या भिंतीला लावा. काका, तुम्ही या. मोजे काढा, घसराल. हात द्या, बोटं अडकवा नुसती. आता मागे बसा. अजून. मी धरलंय.