साभार परत

नमस्कार मंडळी. संध्याकाळची वेळ आहे, तुमच्यातले बरेचजण स्वयंपाकघरात असतील, काहीजण गाडीत हेडफोन लावून उभे असतील. त्यातही जे ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून वाशीकडे निघालेत त्यांना माझा वेगळा नमस्कार, कारण ती माझी लाईन. चौथी सीट तरी मिळाली का?

मला सांगितलंय की वाचनाबद्दल बोला, लिहिण्याबद्दल बोला, पण जड नको. जड बोलायला मला येतच नाही. एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळून मी कथा लिहिल्या, आजवर तेवीस छापून आल्या, सगळ्या दिवाळी अंकांत. एकच पातळसा संग्रह निघाला आणि त्याच्या निम्म्या प्रती अजून आमच्या दिवाणाखाली आहेत, जावई झोपला की त्यांच्यावरच झोपतो. त्यामुळे साहित्याबद्दल मी काही मोठं सांगावं असं नाही. पण एका शब्दाशी माझं जुनं नातं आहे, तो शब्द म्हणजे 'परत'. त्याबद्दल मात्र बोलू शकते.

माझं माहेर ठाण्याचं, नौपाड्यातली चाळ. घरात पुस्तकं म्हणाल तर एक पंचांग, एक हरिपाठ आणि माझी शाळेची. बाबा वागळे इस्टेटमध्ये शिफ्टला जायचे, आणि त्यांना वाचायचा नाद, पण विकत घ्यायचं हे डोक्यातच नव्हतं, पुस्तक म्हणजे आणायची आणि परत करायची वस्तू. आमच्या गल्लीच्या तोंडाशी छोटं वाचनालय होतं, दोन खोल्यांचं, कपाटांना जाळीची दारं. तिथे माझं नाव घातलं मी चौथीत असताना. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. काउंटरवर काकू बसायच्या, त्या दाखल क्रमांक वहीत लिहायच्या आणि मागच्या पानाला चिकटवलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायच्या, ठाप. त्या तारखेच्या आत परत, नाहीतर दिवसाला दंड. दंड पैशांत होता पण बाबांचं तोंड रुपयांत व्हायचं.

तर मंडळी, माझं सगळं वाचन त्या शिक्क्याच्या धाकाने झालंय. आजही विकत घेतलेलं पुस्तक माझ्याच्याने पुरं होत नाही. कपाटात निवांत बसलेलं असतं ते, त्याला माहीत असतं ही कुठे जात नाही आणि मीही कुठे जात नाही. आणलेलं पुस्तक मात्र पाहुण्यासारखं, चार दिवसांनी जाणार, मग त्याच्याशी बोलून घ्यावंच लागतं.

ठाण्यातच हे सुचावं याचंही मला कौतुक वाटतं, म्हणजे फक्त मराठी पुस्तकांचं वाचनालय. स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय तुम्ही पाहिलंच असेल, निदान रिक्षाच्या रांगेतून तरी. ते सुरू झालं १८९३ साली. मुंबईचं ग्रंथसंग्रहालय आलं त्यानंतर पाच वर्षांनी, म्हणजे इथे आपण मुंबईच्या पुढे होतो, हे ठाणेकराने सांगितल्याशिवाय राहायचं नसतं. ज्यांनी ते उभं केलं त्यांच्यात विनायक लक्ष्मण भावे होते, ज्यांनी पुढे जुन्या मराठी साहित्याचा मोठा इतिहास लिहिला, महाराष्ट्र सारस्वत. ते तेव्हा विशीत होते हो! जुन्या पोथ्यांमागे लागलेला माणूस, जमवलेलं स्वतःच्या माडीवर कुलपात ठेवून बसला असता तर कोण काय म्हणणार होतं, पण नाही, लोकांनी न्यावं, वाचावं, आणून द्यावं. आणि एक गंमत बघा, बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली १८५३ साली, ग्रंथसंग्रहालय १८९३ ला, बरोब्बर चाळीस वर्षं. आधी गाडी आणि मग गाडीत वाचायला पुस्तक. याला चाळीस वर्षं का लागली विचारू नका, आमच्या घरी पंखा आला त्यालाही बराच काळ गेला होता.

आता दुसरं परत.

कॉलेजात असताना मी लिहायला लागले. तेव्हा कथा पाठवायची पद्धत होती ती हल्लीच्या मुलांना सांगितली की हसतात. फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे समास सोडायचा, आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. म्हणजे कथा नाकारली तर तिच्या परतीच्या भाड्याची सोय आपणच करून ठेवायची, रिटर्न तिकीटच! मग दोन-तीन महिन्यांनी पोस्टमन चाळीत यायचा आणि त्याच्या हातात एक पाकीट दिसायचं ज्यावरचं अक्षर माझंच. उघडायचीही गरज नसायची. आत कथा आणि एक छापील चिठोरं, साभार परत. चाळीत सगळ्यांना कळायचं. समोरच्या वहिनी विचारायच्या, "आलं का गं तुझं तुला पत्र?"

सतरा वेळा आलं. सतरा, मी वहीत मांडून ठेवलंय, अकाउंट्सवाली आहे शेवटी.

पण त्या सतरा फेऱ्यांमध्ये एक गोष्ट झाली, जी मला तेव्हा कळली नाही, फार उशिरा कळली. परत आलेले कागद घडीवर फाटलेले असायचे, कोपऱ्याला टाचणीचा गंज, एकदा तर चहाच्या कपाचा गोल. तसेच दुसरीकडे पाठवता येत नाहीत. मग पुन्हा सुवाच्य अक्षरात सगळी कथा उतरवून काढायची, अठरा-वीस पानं, रात्री आई झोपली की बाहेरच्या खोलीत. आणि हात दुखतो हो. आठव्या पानाला बोटं आखडतात, आणि मग एखादं वाक्य समोर आलं, 'आकाशात काळ्याकुट्ट मेघांनी गर्दी केली होती' छापाचं, की मन म्हणतं, हे लिहायलाच पाहिजे का? नाही लिहिलं तर? नाही लिहायचे मी. अशी प्रत्येक परतीला कथा पान-दीड पान बारीक व्हायची. पहिली छापून आलेली कथा घरातून निघाली तेव्हा वीस पानांची होती आणि छापायला घेतली तेव्हा अकरा पानांची. नऊ पानं कोणी काढली? कुठल्या संपादकाने नाही, मीही नाही, माझ्या मनगटाने काढली.

मधे लग्न झालं, कोपरखैरण्याला आले. सिडकोची घरं, समोर मोकळं रान, आणि वाचनालय शोधायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची कळेना. माहेरचं कार्ड मी बंद केलंच नाही. दर पंधरा दिवसांनी आईला भेटायला जायचं निमित्त, खरं म्हणजे पुस्तक बदलायला जायचं, आईला ते माहीत होतं, ती दारातच विचारायची, "आधी तिकडे जाऊन आलीस की जायचीयस?" सुरुवातीला ठाणे-बेलापूर रोडने बस, त्यात वाचलं की मळमळायचं, मग २००४ च्या नोव्हेंबरात ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि माझं आयुष्यच बदललं असं म्हटलं तर नवरा रागावेल पण बदललं. वीसेक मिनिटं. लेडीज डब्यात उभ्याने एका हाताने वाचायचं म्हणजे पुस्तक निवडायची पद्धत वेगळी होते, हे समीक्षक कधी लिहीत नाहीत. जाड कादंबरी बाद, अंगठा भरून येतो. दिवाळी अंक तर अजिबात नको, आकार एवढा की शेजारणीच्या नाकात जातो. कवितासंग्रह उत्तम, कडेला अंगठा अडकवून पान उलटता येतं आणि ऐरोली ते रबाळे एक कविता होते. मी कविता वाचायला लागले ती अशी, वरची कडी एका हातात होती म्हणून.

आणि मग २६ जुलै २००५. तुमच्यातल्या प्रत्येकाकडे त्या दिवसाची एक गोष्ट आहे, तिकडे सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यापुढे माझी गोष्ट किरकोळ आहे. हाफ डे टाकून ठाण्याला गेले होते, पुस्तक बदलून परत निघाले, ऐरोलीला गाडी थांबली ती थांबलीच. तासभर बसलो, मग चार-पाच बायका उतरलो आणि रस्त्याने चालायला लागलो, एकमेकींच्या ओढण्या धरून. पर्समध्ये डबा होता आणि एक कवितासंग्रह होता वाचनालयाचा, मी डबा पिशवीतून काढला आणि पुस्तक पिशवीत घातलं, गाठ मारली. तरी भिजलं. घरी पोचले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले, पुस्तक भिजलेल्या पावासारखं झालेलं. पंख्याखाली वाळवलं, पानापानांत वर्तमानपत्र घातलं, इस्त्रीही फिरवली, नवऱ्याच्या शर्टाआधी. वाळल्यावर दुप्पट जाड झालं आणि मिटेचना.

काकूंकडे घेऊन गेले तेव्हा मला चौथीतल्यासारखं वाटत होतं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, म्हणाल्या, "तू नीट पोचलीस ना?" मग नियमाप्रमाणे किंमत भरून घेतली, पावती दिली, त्यात काही सूट नाही. वहीत त्या दाखल क्रमांकापुढे लाल शाईने 'बाद' लिहिलं, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं, आता हे तुझंच. मला परत न करता आलेलं ते एकमेव पुस्तक. आणि मंडळी, खरं सांगते, त्यातल्या शेवटच्या बारा कविता मी अजून वाचलेल्या नाहीत. घाई काय आहे?

हल्ली तर कशालाच परत नाही. माझ्या फोनमध्ये पीडीएफ किती आहेत मोजल्या नाहीत, ग्रुपवर रोज कोणीतरी टाकतं, संग्रही ठेवावं असं वर लिहून. ठेवलंय की! आणि लेखकाने-प्रकाशकाने काय खायचं हा प्रश्न त्यात आहेच, पण मी दुसरंच बघते, ते वाचतं कोण? शिक्का नाही, काकू नाहीत, दिवसाला दंड नाही. आणि कथा ईमेलने पाठवली की परतही येत नाही. साभार नाही, परत नाही, काहीच नाही. आवडली, नाही आवडली, पोचली तरी का, सगळं अंधारात, मग दिवाळीला अंक बघायचा आणि अनुक्रमणिकेत आपलं नाव शोधायचं, दहावीच्या निकालासारखं. मी आता मोबाईलवरच लिहिते, बोलून टाईप होतं तेही वापरते, ते 'नणंद' म्हटलं की 'आनंद' लिहितं, त्याचा स्वभाव चांगला आहे. पण हात दुखत नाही. हात दुखत नाही म्हणून मेघ पुन्हा गर्दी करायला लागलेत. माझ्या कथा लांबल्या, मला कळत होतं आणि कळत नव्हतं.

शेवटचं एक सांगते, मग तुमचं स्टेशन येईल.

दिवाळी अंकांना आपल्याकडे शंभर वर्षं कधीच उलटून गेली, का. र. मित्रांच्या मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. आणि वाचनालयांची ती योजना तुम्हाला माहीत असेल, एकदाच ठरावीक पैसे भरायचे आणि मग शिमग्यापर्यंत एकेक अंक बदलून न्यायचा. आमच्या वाचनालयात एक पेन्सिलवाला आहे. किंवा पेन्सिलवाली. कोण ते काकूंनाही शेवटपर्यंत कळलं नाही, आता काकू नाहीत, त्यांच्या जागी एक मुलगी बसते, तिलाही कळलेलं नाही. पण अनेक वर्षं मी त्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरामागून वाचत आलेय. समासात एकच शब्द असतो. 'वा'. 'खोटं'. कधी 'पुन्हा?' एकदा एका भल्या मोठ्या माणसाच्या अग्रलेखवजा लेखाशेजारी नुसतं 'बरं'. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, मी मुलांना हेच सांगते, पण त्या शब्दांशी माझं बहुतेकदा पटायचं.

मागच्या जानेवारीत मी योजनेतून अंक आणला, त्यात माझी कथा होती. लेखिकेला घरी प्रत येते पण ती आपल्यातुपल्यात फिरते, म्हटलं वाचनालयाची बघू, कोणी उघडलीय का. गाडीत उघडली नाही, आकाराचं तुम्हाला सांगितलंच. रात्री जेवणं झाल्यावर बसले. पहिल्या पानावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही, छातीत जरा धडधडलं, आवडली की काय. तिसऱ्या पानावर, नायिका खिडकीशी उभी आहे आणि मी तिला दीड कॉलम तिथेच उभी केलीय, तिथे समासात तेच झुकलेलं अक्षर.

'लांबलं.'

आधी राग आला. मग तो दीड कॉलम परत वाचला, मग मुलीची जुनी वही काढली, एका बाजूला लिहायला, आणि ती सगळी कथा हाताने उतरवायला घेतली. रात्री साडेबारापर्यंत. खिडकीचं वर्णन तीन ओळींत संपलं.

अंक दुसऱ्या दिवशी मुदतीच्या आत परत केला. करण्याआधी, वाचनालयाच्या त्या मुलीने हे ऐकलं तर दंड भरीन, पेन्सिल घेऊन त्या शब्दाखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'कबूल'.