दोन पाण्यांच्या मधली पिशवी

(ठाण्यातल्या मत्स्यपालन छंदवर्गात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मगाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "समुद्रातलेच मासे घरच्या टाकीत पाळायचे, आणि समुद्र इथून तासाभरावर आहे. मग मीठ विकत घेऊन पाणी बनवायचं कशाला? दोन कॅन भरून आणले की काम झालं." प्रश्न रास्त आहे. पण आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं, बोटींचं डिझेल असतं, आणि पावसाळ्यात खाड्यांमधून इतकं गोडं पाणी येतं की खारटपणा ठिकाणावर राहत नाही. आज आणलेलं पाणी आणि महिन्यानं आणलेलं पाणी सारखं असेल याची खात्री कोण देणार? म्हणून अशा टाक्यांसाठीच बनवलेलं पुडीतलं सॉल्ट. घरचं मीठ मात्र चालत नाही. ते नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असा सगळा मसाला असतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम धरा, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो आणि वर थोडं. ड्रममध्ये पंप लावून रात्रभर फिरवायचं. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ ओतायचं नाही, कितीही घाई असली तरी.

हे मीठ आरओच्या पाण्यात मिसळायचं. इथे एक गंमत सांगते. स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनमध्ये बहुतेक वेळा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, यांचा कंट्रोलर असतो. पाणी चवीला बरं लागावं म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. आपल्याला वाटतं शुद्ध पाणी घालतोय, आणि टाकीत जातं सोसायटीच्या बोअरचं. टीडीएस मीटर महाग नाही. आकडा शून्याच्या जवळ आला तरच ते पाणी आपलं.

आता आकडे. लिहून घ्या, पण त्यांचा धाक बाळगू नका. तापमान २५ ते २७. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२५. पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत असलं तर उत्तम. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासायची किट दुकानदार गळ्यात मारेल. नुसते मासे पाळणाऱ्याला ती पहिल्या वर्षी लागत नाहीत.

माझ्या मते यातला एखादा आकडा 'चुकीचा' असल्यामुळे जितके मासे मरतात, त्याहून जास्त तो आकडा एका दिवसात हलल्यामुळे मरतात. बाष्पीभवनाचंच घ्या. पाणी उडतं, मीठ उडत नाही. मे महिन्यात टाकी थंड ठेवायला आपण वर पंखा लावतो. १०० लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर गेले आणि तुम्ही तेव्हा चार दिवस गावी गेलात, तर आठ लिटर कमी. लिटरला ३५ ग्रॅमचा खारटपणा ३८ झाला. शेजारच्या काकू मायेनं ड्रममधलं तयार पाणी ओतून ठेवतात, ते खारं! पातळी भरलेली दिसते, मीठ मात्र आणखी वाढलेलं असतं. तेव्हा रोजची तूट आरओच्या गोड्या पाण्यानं भरायची, आणि खाऱ्या पाण्याच्या ड्रमवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं. पंख्याबद्दल एवढंच की पुण्यात तो जितका गारवा देतो तितका मुंबईच्या दमट हवेत देत नाही. पाणी सारखं २९च्या पुढे जात असेल तर चिलरचा खर्च आधीच धरा.

टाकी भरली म्हणजे ती तयार झाली असं नाही. माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. काही जण सांगतात, दोन डॅमसेल मासे सोडा, ते चिवट असतात. सोडू नका. एक तर तो छळ आहे. दुसरं म्हणजे तो डॅमसेल जगला तर टाकीचा मालक होतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला चावतो. कोळंबी सोलताना एक बाजूला काढा आणि टाकीत टाका. कुजली की अमोनिया तयार, जिवाणूंना तेच खाणं. घरात दोन दिवस कुरकुर होईल, तेवढी सोसायची.

आता दुकानात जाऊ. आपण सगळे मासा बघतो. मी म्हणते, आधी पाणी बघा. बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी खाली एकाच सम्पमधून, म्हणजे खालच्या साठवण टाकीतून, फिरतं. म्हणजे कोपऱ्यातल्या टाकीतल्या टँग माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके असतील (हा परजीवींमुळे होणारा ठिपक्यांचा रोग), तर तुमच्या समोरचा चकाचक मासाही त्याच पाण्यात आहे. आणि ते पाणी बहुधा आपल्याइतकं खारट नसतं. १.०१८ किंवा १.०१९ला ठेवलेलं असतं. मीठ वाचतं, परजीवींचा जोरही थोडा कमी होतो. यात लबाडी नाही, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

माझे पहिले दोन क्लाऊनफिश, ज्यांना सगळे निमो म्हणतात, असेच गेले. माझ्या टाकीचे सगळे आकडे उत्तम होते, मी वहीत लिहून ठेवले होते. दुकानाचा आकडा मात्र मी विचारलाच नव्हता. तापमान जुळावं म्हणून माशांची पिशवी टाकीत अर्धा तास तरंगवली आणि मासे सोडले. १.०१८मधून थेट १.०२५मध्ये. समुद्रातला मासा सतत पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खारटपणा एकदम वाढला की ही यंत्रणा कोलमडते. उलट दिशेनं, म्हणजे कमी खारट पाण्यात, तो बराच सहज जातो. दुसऱ्या दिवशी दोन्ही तळाला होते, आणि मी आठवडाभर अमोनिया तपासत बसले होते!

मासा चेन्नईहून कुरिअरनं येणार असेल तर पिशवीत आणखी एक गोष्ट घडते. बंद पिशवीत तो श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच सातपर्यंत किंवा त्याखाली उतरतो. कल्ल्यांतून सुटलेला अमोनियाही साठतो, पण त्या पीएचला त्याचा विषारी भाग अगदी थोडा असतो. तुम्ही पिशवी उघडता, हवा लागते, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया दहापटीहून अधिक विषारी होतो. अशा वेळी दोन तास नळीनं टाकीचं पाणी पिशवीत थेंब थेंब सोडत बसणं म्हणजे माशाला त्याच विषात भिजत ठेवणं. म्हणून विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करा, "तुमचं गुरुत्व किती?" नवा मासा आधी काही आठवडे एका वेगळ्या लहान टाकीत ठेवायचा असतो, तिचं पाणी तेवढंच खारट करून ठेवा. पिशवी बंदच ठेवून तापमान जुळवा, मग उघडून मासा लगेच त्या टाकीत घ्या आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. पुढे रोज ०.००१, फार तर ०.००२नं खारटपणा वाढवत न्या.

आता मासा कसा बघायचा? "मॅडम, एकदम ॲक्टिव्ह पीस आहे," असं म्हणतील. म्हणू द्या. तुम्ही म्हणा, "खायला घाला." जो मासा तुमच्यासमोर दाणे खात नाही, तो घरी येऊन खाईल ही आशा महाग पडते. वरून पाठ बघा. डोक्यामागे खळगा असेल, पोट आत गेलं असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे. कल्ले धापा टाकल्यासारखे हलत असतील, पर मिटलेले असतील, डोळा धुरकट असेल, तर पुढे चला. अंगावर बारीक सोनेरी पूड दिसली तर त्या दुकानातून त्या दिवशी काहीच घेऊ नका. तो वेल्व्हेट रोग ठिपक्यांच्या रोगापेक्षा कितीतरी वेगानं मारतो.

नवख्यांनी काय घेऊ नये ते सांगते. पावडर ब्लू टँग आपल्याकडे सर्रास मिळतो, रंगानं वेड लावतो आणि ठिपक्यांचा रोग घेऊनच येतो म्हणा ना. मँडरिन मासा जिवंत बारीक किडे टिपत जगतो, नव्या टाकीत तो हळूहळू उपाशी मरतो. घ्यायचाच तर पैदास केंद्रातला क्लाऊनफिश घ्या, दोन लहान. त्यातला मोठा होईल ती मादी. समुद्रघोडा आणि प्रवाळ कोणी "आपल्या लक्षद्वीपचे आहेत" म्हणून काउंटरखालून काढले, तर हात लावू नका. सगळे समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत.

मागून प्रश्न आलाय, वेगळी टाकी कुठे ठेवायची, घर वन बीएचके आहे. माझी बाथरूमशेजारी स्टुलावर होती. ४० लिटरची, तळाला रेती नाही, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे लपायला, एक स्पंज फिल्टर. स्पंज आधी महिनाभर मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये पडू द्या, जिवाणू तिथेच बसतात. चार आठवडे मासा तिथे. तांब्याचं औषध द्यावं लागलं तर ते तिथेच द्या, कारण मोठ्या टाकीत ते गेलं तर कोळंब्या आणि गोगलगायी मरतात. घरच्यांना ती टाकी कुरूप वाटेल. माझ्याकडे पाहुणे आले की आम्ही तिच्यावर टॉवेल टाकायचो.