बेकरीच्या भिंती

[पहाट. रायर्सन अव्हेन्यू. विटांच्या भिंतीवर सरकत येणारं ऊन.]

टोरोंटोच्या क्वीन स्ट्रीटवर ट्राममधून उतरायचं आणि उत्तरेकडच्या या लहान रस्त्याला लागायचं. क्रमांक 16. इमारत 1902 सालची. बांधली तेव्हा ही बेकरी होती. आत भट्ट्या आणि शेजारी घोड्यांचा तबेला, कारण पाव घरोघर जायचा तो गाडीतून.

या विटा नीट पाहून ठेवा. ही जागा नाटकवाल्यांनी विकत घेतली, आणि पैसा आला तो पोलिसांनी बंद पाडलेल्या नाटकाच्या तिकीटबारीतून.

संस्थेचं नाव थिएटर पास मुराय. नाव फ्रेंच आहे. भिंती ओलांडून जाणारं नाटक, असा त्याचा भाव.

[ब्लूर स्ट्रीट. अठरा मजली काँक्रीटची इमारत. समोर ब्राँझचा पुतळा.]

सुरुवात इथे झाली. आज या इमारतीत ज्येष्ठ नागरिक राहतात. 1968 मध्ये हे रॉचडेल कॉलेज होतं. परीक्षा नसलेलं, विद्यार्थ्यांनीच चालवलेलं. समोरचा हा अंग चोरून बसलेला विद्यार्थी त्याच काळातला. जिम गॅरार्ड नावाच्या तरुणाने इथे नाटक सुरू केलं. नाटक बोलिंगच्या खेळाइतकं सर्वसामान्यांचं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

तेव्हाच्या कॅनडात मोठ्या रंगमंचांवर प्रामुख्याने ब्रिटिश आणि अमेरिकन नाटकं चालत. आपल्या माणसांवरचं, आपल्या बोलीतलं नाटक पाहायचं तर प्रेक्षकाने जायचं कुठे?

1969 मध्ये या मंडळींनी ‘फुट्झ’ केलं. नाटक अमेरिकन, विषय डुकरिणीवर जीव जडलेल्या शेतकऱ्याचा. पोलिसांचं नीतिमत्ता पथक आलं, खटला भरला गेला. शहराला संस्थेचं नाव कळलं ते असं.

[क्लिंटन. सकाळचं शेत. गवताच्या गासड्या. दूर एक धान्याचं कोठार.]

आता टोरोंटो मागे राहिलं. हा ह्युरन परगणा. स्ट्रॅटफर्ड इथून गाडीने तासाभरावर आहे. तिथे 1953 पासून शेक्सपिअरचा महोत्सव भरतो. आणि इथे गहू, मका, गाई.

1972 च्या उन्हाळ्यात पास मुरायचा दिग्दर्शक पॉल थॉम्पसन नटांना घेऊन क्लिंटनजवळ राहायला आला. हातात संहिता नव्हती. सोबत नाटककारही नव्हता. दिवसा नट शेजारच्या शेतांवर जायचे, गासड्या उचलायचे, गोठ्यात उभे राहायचे, स्वयंपाकघरात बसून बायकांचं बोलणं ऐकायचे. परत आले की तेच एकमेकांना करून दाखवायचे. कुणाची चाल, कुणाची बोलता बोलता थांबायची लकब. त्यातलं काही टिकायचं, काही गळून जायचं.

[गासडी उचलणारे हात. पाठ. पुन्हा हात.]

ही गासडी पाहा. एक उचलली तर काही वाटत नाही. पन्नासाव्या गासडीला दंड थरथरतात, कुसळं मानेत शिरतात. शहरातल्या नटाने हे आधी अंगावर घेतलं, मग प्रेक्षकांसमोर केलं. ट्रॅक्टर हवा असेल तर नटांनीच एकमेकांत अडकून ट्रॅक्टर व्हायचं. नेपथ्याला पैसे नव्हते हे खरं, पण मला विचाराल तर पैसे असते तरी याहून चांगला ट्रॅक्टर मिळाला नसता.

ऑगस्टमध्ये ‘द फार्म शो’चा पहिला प्रयोग झाला, तो एका कोठारात. समोर बसले होते तेच शेतकरी, ज्यांचं बोलणं, ज्यांचं उठणं-बसणं नाटकात आलं होतं. पुढे गुरांच्या लिलावाच्या कोठारांतूनही प्रयोग झाले. तीन वर्षांत याच परगण्यात ब्लाइथ हा नाटकांचा महोत्सव उभा राहिला.

[पुन्हा रायर्सन अव्हेन्यू. आतला जिना. रिकामा रंगमंच. दिव्यांच्या वायरी.]

या काळात टोरोंटोत अशा अनेक छोट्या नाटक कंपन्या निघाल्या. त्यामागे सरकारचा पैसाही होता. 1971 च्या स्थानिक रोजगार योजनेतून नटांना पगार मिळाले. योजना बेकारी हटवण्यासाठी होती. ती संपली की पगारही संपणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

1975 मध्ये पास मुरायने ‘आय लव्ह यू, बेबी ब्लू’ आणलं. शेतावर ज्या रीतीने नाटक घडलं, तीच रीत शहरात. विषय टोरोंटोचं लैंगिक आयुष्य. रंगमंचावर नग्नता होती. तिकिटं हातोहात खपली. पोलीस आले, नाटक बंद झालं. पण तोवर गल्ला जमला होता, आणि त्या पैशातून ही बेकरी घेतली. भिंती ओलांडायला निघालेल्यांना स्वतःच्या भिंती मिळाल्या. पुढचा प्रयोग कुठे, ही चिंता मिटली. स्वतंत्र नाटकाला याहून मोठी देणगी मला माहीत नाही.

[ऑगस्टची संध्याकाळ. फुटपाथवर तिकिटांची रांग.]

ही रांग समरवर्क्सची, टोरोंटोतल्या उन्हाळी नाट्यमहोत्सवाची. 2010 मध्ये इथे ‘होमग्रोन’ झालं, दहशतवादाच्या खटल्यात दोषी ठरलेल्या एका माणसाशी लेखिका कॅथरीन फ्रिडने केलेल्या संवादांवरचं नाटक. ते मंचावर येण्याआधीच पंतप्रधान कार्यालयाने सरकारी पैशावरून नापसंती कळवली. 2011 मध्ये महोत्सव तोंडावर असताना केंद्राचं सुमारे 48 हजार डॉलरचं अनुदान गेलं. नाटकामुळे, असं कुणी अधिकृतपणे म्हटलं नाही. देशभरातल्या नाटक कंपन्यांनी ‘होमग्रोन’ची जाहीर वाचनं केली, तिकीट महागलं, महोत्सव झाला. पुढच्या वर्षी अनुदान परत आलं.

[बॅथर्स्ट स्ट्रीट. जुनी व्हिक्टोरियन हवेली.]

हे फॅक्टरी थिएटर. फक्त कॅनडियन नाटकं करायची, या निश्चयाने केन गॅसने 1970 मध्ये काढलेलं. 2012 मध्ये इमारतीच्या नूतनीकरणावरून मतभेद झाले आणि संचालक मंडळाने संस्थापकालाच काढलं. कलावंतांनी बहिष्कार पुकारला.

[रायर्सन अव्हेन्यू. दिवे लागतात.]

पास मुरायची इमारतही पुढे कर्जापायी टोरोंटो शहराच्या मालकीची झाली. नाटक आजही इथेच होतं.

[दार उघडतं. माणसं आत जाऊ लागतात.]