थाळी वाजवून कान तपासत नाहीत

मंडळी, मुलांच्या बोलण्यावर बोला असं संयोजकांनी सांगितलं, आणि मी सुरुवात कानापासून करणार आहे. दोन वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून आईबाप येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला: ऐकण्याची तपासणी झाली का? उत्तरही ठरलेलं. "ऐकू येतं हो, थाळी वाजवली की लगेच वळतो!"

थाळी मोठ्यानं वाजते. बोलण्यातले सगळे आवाज तसे नसतात. स्वर ठळक असतात, पण स, श, फ, थ हे बारीक, उंच पट्टीतले आणि क्षीण. उंच पट्टीतलं कमी ऐकणारं मूल दार आपटलं की दचकतं, हाकेतला 'आ' ऐकून मागेही बघतं. 'साखर' मात्र त्याच्यापर्यंत 'आअ' अशी काहीतरी पोहोचते. जे आत नीट गेलंच नाही, ते तोंडातून नीट येणार कुठून? शिवाय तुम्ही मागे उभं राहून थाळी वाजवता तेव्हा तुमची सावली पुढे पडते, आणि समोर आजी त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलेली असते. पोरं हुशार असतात, आजीच्या चेहऱ्यावरूनच ओळखतात.

खरी तपासणी सोपी आहे. नवजात बाळाच्या कानात छोटीशी नळी ठेवून ओएई चाचणी, म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का याची तपासणी, काही मिनिटांत होते. त्यात शंका आली तर बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूकडे पोहोचतो का हे डोक्याला तारा लावून बघणारी तपासणी. महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार वाढली असेल, किंवा आईवडील नात्यातले असतील, तर चालढकल नकोच. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवलाचं नाही, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

आणि आपण काय करतो? "याचा बाप पण उशिराच बोलला," म्हणून थांबतो. जिभेवर वेखंड उगाळून लावतो, वर मध चाटवतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. कोणी जिभेखालची तार कापून आणतो. तार आखूड असेल तर अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, काही उच्चारही अडू शकतात. पण मूल मुळात बोलतच नाही, याचं कारण ती तार नव्हे.

आता चिठ्ठीवरचा प्रश्न. सटाण्याच्या ताई विचारतात, घरात अहिराणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. अहिराणी बंद करू का? अजिबात नको. दोन-तीन भाषांमुळे बोलणं अडत नाही. पेठ-सुरगाण्याकडे कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी आई पोराशी चाचरत मराठी बोलायला लागते, तेव्हा त्याच्या कानावर पडणारी भाषाच निम्मी होते. नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या भोजपुरी घरांनाही माझं हेच सांगणं असतं.

मोबाइलबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, पुढे पाचपर्यंत दिवसाला तासाभराच्या आत. पण सगळं खापर मोबाइलवर फोडून कानाची तपासणी टाळू नका.

कान ठीक निघाले तरी काम संपत नाही. मूल नावाला वळतं का, हवं ते बोटानं दाखवतं का, नजर देतं का, हे बघावं लागतं, कारण त्यातून स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा अंदाज येतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्राची सोय आहे. अंगणवाडी ताईंना नुसतं "वजन किती?" विचारू नका, "बोलण्याचं बघा" असंही म्हणा. खासगीत गेलात तर स्पीच थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. राग आला तर दुसरीकडे जा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बेरा लहान मुलाच्या झोपेत करतात. सुरगाण्याहून एसटीनं निघालेलं पोर गाडीत डाराडूर झोपतं आणि नाशिकच्या स्टँडवर ताजंतवानं उतरतं. मग तपासणीच्या खोलीत ते सगळ्यांना नाचवतं आणि पुढची तारीख मिळते. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, गाडीत गाणी म्हणा, खिडकीतून म्हशी दाखवा, पण झोपू देऊ नका. पोट भरायचं ते खोलीत शिरायच्या अगदी आधी. झोपेचं औषध द्यायची वेळ आलीच तर ते तिथले डॉक्टर देतील, आणि त्याआधी किती तास उपाशी ठेवायचं तेही तेच सांगतील. घरून काही पाजून आणू नका.