चढावर बीपी चढणारच

(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बोलायला उभा राहण्याआधीच संयोजकांनी तुमच्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्यात. बहुतेकांत प्रश्न एकच आहे: ‘टेकडी चढून आल्यावर मशिनवर १७० दिसतं. चढणं बंद करू का?’ उत्तर आधीच देऊन टाकतो. चढणं बंद करू नका; चढून आल्या आल्या बीपी मोजणं बंद करा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसल्यानंतर जो आकडा येतो, तो तुमचा.

व्यायाम करताना वरचं बीपी वाढायलाच हवं. पायांचे स्नायू कामाला लागले की त्यांना जास्त रक्त लागतं आणि ते पुरवायला हृदय जोर लावतं. विशीतल्या निरोगी मुलाचं बसल्या जागी १२० असलेलं बीपी जोरात धावताना १७०-१८० पर्यंत सहज जातं. खालचं मात्र जवळपास होतं तिथेच राहतं, कारण स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या त्या वेळी रुंदावलेल्या असतात. ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम वाढवत हृदयाची तपासणी, घेताना आम्ही डॉक्टर धास्तावतो ते बीपी चढताना नव्हे, चढायला हवं तेव्हा ते उतरायला लागलं तर. श्रम वाढतायत आणि वरचं बीपी सुरुवातीच्याही खाली चाललंय, म्हणजे हृदयाला मागणी पुरवता येत नाहीये. तिथे पट्टा थांबवायचा.

आता वयाकडे येऊ. हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी लवचीक असते. प्रत्येक ठोक्याला ती थोडी फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून रक्त पुढे ढकलते. तिच्या भिंतीतलं इलॅस्टिन, म्हणजे ताणलं जाणारं प्रथिन, वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी झिजतं, तुटतं, आणि त्याची जागा कोलॅजन हे कडक प्रथिन घेतं. अंगणात पाच-सात उन्हाळे पडून राहिलेली रबरी नळी हातात घेऊन बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. नाडीची लाट तरुणपणी धमनीतून सेकंदाला साधारण ५-६ मीटर वेगाने जाते; म्हातारपणी तोच वेग १० मीटरच्या पुढे जातो. ताठर भिंत धक्का शोषून घेत नाही, म्हणून वरचं बीपी वाढत जातं. आणि पन्नाशी-साठीनंतर खालचं उतरायला लागतं, कारण आकसून रक्त ढकलणारी ती भिंतच उरलेली नसते. १५५/७० आलं की लोक खूश होऊन सांगतात, ‘डॉक्टर, खालचं छान आहे हो!’ छान नाही. दोन आकड्यांमधलं ते अंतर म्हणजे धमनीच्या ताठरपणाचं माप आहे. म्हणूनच एकच जिना आजोबा आणि नातू सोबत चढले, तर आजोबांचं वरचं बीपी जास्त उसळतं. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये ही उसळी आणखी ठळक दिसते.

नाडीचं याच्या उलट. व्यायामात ती जास्तीत जास्त किती वाढू शकते, ती मर्यादा वयाबरोबर खाली येते. हृदयाचे ठोके सुरू करणाऱ्या गाठीतल्या पेशी कमी होतात, आणि ॲड्रेनलिनच्या हाकेला हृदय पूर्वीसारखी ओ देत नाही. ‘२२० वजा वय’ हे सूत्र तुमच्या मनगटावरच्या घड्याळातही असेल. ते आलं कुठून? १९७० च्या सुमारास अमेरिकेत फॉक्स आणि हॅस्केल या दोघा संशोधकांनी इतरांचे छापील आकडे एकत्र केले आणि त्यांतून एक ढोबळ रेघ काढली. त्यासाठी मुद्दाम असा प्रयोग झालेला नव्हता. पुढे २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या माहितीवरून ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असं सूत्र मांडलं. सत्तरीच्या माणसाला पहिलं सूत्र १५० देतं, दुसरं १५९. शिवाय कुठल्याही सूत्रापासून निरोगी माणूस १०-१२ ठोक्यांनी इकडे-तिकडे असू शकतो. आणि मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल अशी बीपीची गोळी चालू असेल, तर नाडी मुद्दाम दाबलेली असते. तिथे दोन्ही सूत्रं निकामी. त्यापेक्षा शेजारच्याशी बोलून बघा. वाक्य पुरं करता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग बरोबर आहे. वाक्य मध्येच तुटतंय, तर वेग कमी करा.

मग नाडी कमी आणि धमनी ताठर असताना निरोगी म्हातारा माणूस चढ चढतो कसा? अमेरिकेत बाल्टिमोर इथे १९५८ पासून त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं तपासणारा एक अभ्यास चालू आहे. त्यात दिसलं, की हृदयविकार नसलेल्या वृद्धांचं हृदय व्यायामात जास्त भरतं, जास्त ताणलं जातं आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं. ठोके कमी, पण घोट मोठा. अडचण आहे ती भरायला लागणाऱ्या वेळाची. वय झालेलं हृदय ठोक्यानंतर लवकर सैल पडत नाही, त्यामुळे भरायला वेळ लागतो. एकदम वेग वाढवला की तो वेळ मिळत नाही, दाब मागे फुप्फुसाकडे साचतो आणि दम लागतो. सुरुवातीची दहा मिनिटं हळू चालायची, ती याचसाठी.

इथवर सगळं वयाच्या खात्यावर टाकलं. पण त्यातलं किती खरोखर वयाचं आणि किती खुर्चीचं?

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. तीन आठवड्यांनी त्यांची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, म्हणजे एका अर्थी दमच, सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. ३० वर्षांनी तेच पाच जण, आता पन्नाशीचे, पुन्हा तपासले. वजन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं होतं, शरीरातलं चरबीचं प्रमाण दुप्पट झालं होतं. आणि दम? विशीतल्या मूळ आकड्यापेक्षा फक्त सुमारे १२ टक्के कमी. तीस वर्षांनी जितकं नेलं, त्याच्या दुपटीहून जास्त तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेलं होतं! मग सहा महिने हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, जॉगिंग, सायकल. आणि पन्नाशीतला दम विशीतल्या मूळ पातळीला परत आला. नाडीची कमाल मर्यादा मात्र परत आली नाही. ती वयाचीच. माणसं पाचच, हे विसरू नका. पण त्याच पाच जणांची तीस वर्षांच्या अंतराने तुलना, असं वैद्यकात क्वचित मिळतं. ‘जरा ताप आलाय, आठवडाभर पडून राहा’ असं घरच्यांनी प्रेमाने सांगितलं, की मला डॅलस आठवतं.

डॅलसच्याच बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाने पुढचा प्रश्न घेतला: ताठरलेलं हृदय पुन्हा मऊ होतं का? सत्तरीच्या आसपासच्या बैठ्या लोकांना वर्षभर व्यायाम दिला. दम वाढला, हृदयाचा ताठरपणा तसाच राहिला. मग ४५ ते ६४ वयाच्या लोकांना दोन वर्षं, आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम दिला. तेव्हा ताठरपणाही कमी झाला. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा घरी गेल्यावर पन्नाशीतल्या मुलाला आणि सुनेला उठवा. तुम्ही उशीर केलाय असं मात्र समजू नका, कारण दम तर त्या सत्तरीच्या लोकांचाही वाढला. फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मार्शां १०१ व्या वर्षी तपासले गेले आणि दोन वर्षांच्या सरावानंतर १०३ व्या वर्षी पुन्हा. त्यांचा दम या काळात १३ टक्के वाढला होता. त्यांच्या नाडीची कमाल मर्यादा होती १३५ च्या आसपास, आणि ती जवळपास तेवढीच राहिली.

वजन उचलावं का, असंही कुणी विचारलंय. उचला, स्नायू टिकायला हवेत. पण श्वास कोंडून नाही. तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई घालून बीपी मोजलं, तेव्हा श्वास रोखून पायांनी प्रचंड वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० भरलं होतं. तुमची धमनी त्यांची नाही. जोर लावताना श्वास सोडायचा, हलकं वजन जास्त वेळा. भरलेला सिलिंडर सरकवताना किंवा कमोडवर बसून कुंथतानाही हाच नियम.

शेवटचं, थांबण्याबद्दल. पर्वतीच्या पायऱ्या चढून वर पोचलात की लगेच कठड्याला टेकून स्तब्ध उभे राहू नका. पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, रक्त खालीच साचतं, आणि बीपी सावरणारी मानेतली यंत्रणा वयाने मंदावलेली असते. डोळ्यांपुढे अंधारी येते ती इथे. पाच-सात मिनिटं सावकाश फिरत राहा, मग बसा. घरी येऊन लगेच कढत पाण्याने अंघोळ नको. छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीच्याच चढाला अचानक जास्त दम लागणं, यातलं काही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी जायचं नाही, तडक दवाखान्यात. आणि सकाळी बसल्या जागीच वरचं १८० च्या किंवा खालचं ११० च्या वर असेल, तर त्या दिवशी टेकडी नको. आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.