‘नाही’चा घटक

बसा, बसा. मागं खुर्च्या आहेत. फळ्यावर विषय भारदस्त लिहिलाय, ‘व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीची रचना आणि घटक विश्लेषण’, पण सूत्र एकही येणार नाही. बेळगावच्या टिळकवाडीत संध्याकाळी कोण सूत्रं ऐकायला येतंय?

रीत तुम्हाला माहीत आहे. विधानं द्यायची, माणसानं १ (मुळीच पटत नाही) ते ५ (अगदी पटतं) मधला आकडा टाकायचा, कुठली विधानं जोडीनं वरखाली होतात ते सहसंबंधांवरून बघायचं, आणि त्यांच्यामागे एक न दिसणारा घटक आहे असं धरायचं. मानसशास्त्रज्ञ स्पिअरमननं १९०४ साली बुद्धीच्या बाबतीत हे केलं. कॅटेलनं स्वभावाचे १६ घटक काढले. आता बहुतेक जण पाचांवर समाधान मानतात. पाच म्हटले की पंच आले, आणि पंचांना उलट कोण विचारणार?

आता माझी तक्रार. नोकरीत असताना बाहेरच्या एका संस्थेनं इंग्रजीवरून मराठी केलेली प्रश्नावली आमच्याकडे पाठवली. पोरं गठ्ठे घेऊन येळ्ळूरला, खानापूरकडे गेली. एक विधान होतं, ‘मी पार्टीचा प्राण असतो.’ येळ्ळूरच्या कट्ट्यावर एक काका, भोवती वीस माणसं, हशा चाललेला. विधान ऐकून गंभीर झाले. म्हणाले, ‘पार्टी-बिर्टी आमचं काय नाही बघा. आम्ही एकीकरण समितीचं.’ आणि टाकला १. कट्ट्यावरच्या बाकीच्यांनीही १. कागदावर अख्खा कट्टा लाजाळू!

दुसरं विधान, ‘मी फारसं बोलत नाही.’ एका आजींनी पोरीला चहा दिला, अर्धा तास सुनेबद्दल सांगितलं, आणि या विधानावर म्हणाल्या, ‘नाही गं बाई.’ आता हा ‘नाही’ कुणाचा? ‘जेवला नाहीस?’ असं विचारलं तर आपण ‘हो, नाही जेवलो’ म्हणतो आणि ‘नाही, नाही जेवलो’ही म्हणतो. एका पोरीनं अशा उत्तराला ५ लिहिलं, दुसरीनं १.

पुढे अहवाल आला. पाचांशिवाय एक जादा घटक निघालेला, आणि त्याला नाव दिलेलं ‘नकारात्मक वृत्ती’. सीमाभागातली माणसं म्हणे मुळातच नाराज! (नाराज आहोत, पण त्याची कारणं प्रश्नावलीत नव्हती.) मी भारांकांचा तक्ता उघडला, म्हणजे कुठलं विधान कुठल्या घटकाला किती चिकटलंय ते सांगणारा. त्या घटकात बसलेल्या विधानांत सारखं काय होतं? शेवटचा शब्द. ‘नाही’. स्वभाव नव्हे, व्याकरण मोजलं होतं त्यांनी. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. रोझेनबर्गची १९६५ची स्वाभिमानाची १० विधानं घ्या. ५ सरळ, ५ उलटी, म्हणजे स्वतःला कमी लेखणारी. एकच गोष्ट मोजायला केलेली, तरी पुष्कळदा त्यांचे दोन ढीग पडतात, सरळ्यांचा आणि उलट्यांचा.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली, पाच मिनिटं. मूळ विषय राहिलाच की! भराभर सांगतो.

घटक किती ठेवायचे? संगणक आपोआप ‘आयगेन मूल्य १ च्या वर’ हा नियम लावतो. आयगेन मूल्य म्हणजे एक घटक उत्तरांतला फरक किती सांगतो त्याचा आकडा. त्यात घटक बहुधा जास्तच निघतात. कॅटेलचा १९६६चा आलेख बघा, हे आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडलेला. राजहंसगडावरून उतरताना उतार संपून सपाटी लागते, तिथं थांबायचं. त्याहून बरी हॉर्नची १९६५ची रीत, निव्वळ यदृच्छेनं भरलेल्या आकड्यांतून निघतं त्यापेक्षा मोठं असेल तेवढंच ठेवायचं.

मग अक्ष फिरवणं, म्हणजे घटकांच्या रेषा वळवणं. १९५६ साली रेषा बदलली, आपण मुंबई राज्यातून म्हैसुरात गेलो. गाव जागचं हललं का? इथंही विधानांचे बिंदू तिथंच, ठेवलेले घटक मिळून जेवढं विचरण, म्हणजे उत्तरांतला फरक, सांगतात तेही तेवढंच. बदलतं ते कुठलं विधान कुणाच्या वाट्याला, एवढंच. आणि घटकाला नाव संगणक देत नाही, आपण देतो. भांडण आहे ते तिथं.

झालं, झालं, उठतो. दाराशी प्रश्नावलीच्या प्रती आहेत, भरून द्या. ‘पार्टी’ खोडून तिथं आता ‘लग्नघरात मी गेलो की चार माणसं माझ्याभोवती जमतात’ असं लिहिलंय. समितीवाल्यांनीही भरायला हरकत नाही.