ग्लास गळत नाही, माठ पाझरतो

नमस्कार श्रोतेहो.

परवा पाहुण्यांसाठी बर्फ घातलेल्या थंडाईचे ग्लास टेबलावर ठेवले. पाच मिनिटांत नात ओरडली, "आज्जी, ग्लास गळाय लागलाय!" ग्लासाखाली पाण्याचं गोल कडं उमटलं होतं. तिला म्हटलं, बोट लाव आणि चाख. थंडाई पांढरी, गोड. बाहेरचा थेंब नितळ, बेचव. आतलं झिरपलं असतं तर गोड नसतं का लागलं?

मग पाणी आलं कुठून? हवेतून. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, १० अंशांच्या हवेत जेमतेम ९ ग्रॅम. ग्लासाला टेकलेली हवा गार पडली की न मावणारी वाफ थेंब होऊन काचेवर बसते. आषाढात कोल्हापूरची हवा मुळातच ओली, म्हणून ग्लास लगेच भिजतो. मार्चच्या कोरड्या दुपारी तोच ग्लास तितका भिजत नाही. खात्री करायची तर बर्फाच्या पाण्याचा ग्लास झाकण लावून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ओल्या दिवसांत वीसेक मिनिटांनी वजन एखाद-दुसऱ्या ग्रॅमनं वाढलेलं दिसेल. नुसता गळणारा ग्लास जड झाला असता का?

आता मला यातलं सगळ्यात आवडतं ते सांगते. वाफेचं पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता सुटते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० पुरतात. म्हणजे बाहेर एक ग्रॅम पाणी धरलं, की आतला सात ग्रॅम बर्फ वितळेल एवढी उष्णता सुटली. ते थेंब दिसायला गारेगार, पण ग्लासाला ऊब देतात! पावसाळ्यात ग्लासातला बर्फ बघता बघता संपतो, त्यात त्यांचा मोठा हात.

माठाचं नेमकं उलट. कुंभार गल्लीतून आणलेला माठ चाचपून बघा, तोही बाहेरून ओलसर. पण ते पाणी आतलंच, मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरलेलं. ते वाळताना उष्णता माठाकडून घेऊन जातं, म्हणून पाणी गार. तैलरंगानं रंगवलेला देखणा माठ पाण्यासाठी घेऊ नका, छिद्रं बुजतात. आणि जुलैत माठातलं पाणी गार लागत नाही म्हणून कुंभाराला बोल लावू नका. हवाच पाण्यानं भरलेली, माठ वाळणार कसा?

आज घरी एक करा. स्टीलच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत बर्फाचं पाणी घ्या, झाकण ठेवा. थोड्या वेळानं पेला बाहेरून धुरकट होईल आणि त्या धुरकटपणाची कड साधारण आतल्या पाण्याच्या पातळीशी थांबेल. पोरांना तिथं बोटानं रेघ मारायला सांगा, आत पाणी कुठवर आहे ते विचारा, आणि मगच झाकण काढा.